गोड्या पाण्याची ताटी

घाटावरची पोरगी घाटाखाली दिली की पहिल्या उन्हाळ्यात ती आईबापाच्या नावानं बोटं मोडते, असं माझी मावशी म्हणायची. मी बोटं मोडली नाहीत, कारण माझे दोन्ही हात घाम पुसण्यात गुंतलेले असायचे. माझं माहेर बुलढाण्याचं. तिथे वैशाखातही पहाटे पायाशी गोधडी लागे. सासर मिळालं शेगावच्या उत्तरेला, पूर्णेच्या अलीकडच्या काळ्या रानात. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. माझे वडील बुलढाण्याच्या कचेरीत जमादार होते, आणि नागपूरहून कोणता साहेब येणार हे त्यांना म्हणे साहेबाच्या आधी कळायचं. पण घाटाखालच्या विहिरींना खारं पाणी लागतं, हे मुलीचं लग्न ठरवताना त्यांना कळलं नाही, की कळूनही त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, याचा उलगडा मला अजून झालेला नाही.

सासरी पाण्याच्या दोन जाती होत्या. अंगणातल्या विहिरीचं ते खारं. त्यानं आंघोळ करायची, भांडी घासायची, सारवायचं. त्यात साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, आणि प्यायलं तर तहान भागायच्या ऐवजी वाढते. पिण्याचं ते गोडं. उन्हाळ्यात नदी आटली की गाव पात्रातल्या वाळूत झिरे खणायचं. झिऱ्यात पाणी बोटाबोटानं चढतं, म्हणून प्रत्येक घराची पाळी ठरलेली. आमची एक दिवसाआड. मामंजी, म्हणजे माझे सासरे, गाडीवर पीप घालून पहाटे निघायचे आणि ऊन चढायच्या आत परतायचे. ते पाणी ओसरीतल्या रांजणात पडे, आणि रांजणाची सत्ता आत्याबाईंकडे. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे तसंच म्हणतात.

आत्याबाई मोजकं बोलायच्या आणि मी मोजून बोलायला कधी शिकलेच नाही. राग माझ्या नाकावर. त्या मला ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, दोघींचं एकदा काय ते होऊन गेलं असतं. पण त्या नुसत्या बघायच्या आणि रांजणावर झाकण ठेवायच्या. त्या बघण्याचा मला फार संताप यायचा.

माझ्या यजमानांची थोरली बहीण, म्हणजे माझी नणंद, वयानं माझ्याहून मोठी, पण वागायची बरोबरीनं. तिला मी अक्का म्हणायची. मी लग्न होऊन आले त्याच्या आदल्या वैशाखात ती माहेरी बाळंत झाली होती. मुलगा झाला, आणि अकराव्या दिवशी गेला. आजार काही नव्हता. अंग तापत गेलं, दूध ओढेनासा झाला, डोळे फिरवले. बारशाला आणलेल्या टोपड्याची घडीसुद्धा मोडली नव्हती, ते अजून तिच्या पेटीत होतं. हे तिनं मला विहिरीवर धुणं धुताना सांगितलं आणि पुन्हा कधी त्याचं नाव काढलं नाही. आता तिला पुन्हा दिवस गेले होते. तिच्या सासरी बाईमाणूस नव्हतं, म्हणून बाळंतपण पुन्हा आमच्याकडेच, आणि दिवस भरत होते पुन्हा वैशाखातच.

बाळंतिणीची खोली म्हणजे घराच्या पश्चिमेची, एका खिडकीची. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून त्या खिडकीचं दार लावून फटीत चिंध्या कोंबायच्या, दारावर गोणपाट टाकायचं आणि बाजेखाली शेगडी ठेवायची. पौष असो की वैशाख. यात आत्याबाईंचं वेगळं असं काही नव्हतं. घरोघरी मातीच्या चुली. गावात सगळ्यांचं असंच व्हायचं, आणि बरीच लेकरं जगतही. पण चैत्रात मी ती खोली सारवायला घेतली आणि भर दुपारी पाच मिनिटांत माझा जीव कासावीस झाला. तेव्हा मला ते टोपडं आठवलं. हातातला पोतेरा टाकून मी तशीच ओसरीवर आले आणि म्हणाले, ‘‘आत्याबाई, या खोलीला ताटी लावू या.’’

‘‘काय लावू या?’’

ताटी मला लहानपणापासून ठाऊक. साहेबाच्या बंगल्याला दर चैत्रात वाळ्याच्या ताट्या बांधून घेणं हे माझ्या वडिलांचं काम होतं. बांबूच्या चौकटीत वाळ्याची मुळं पातळ पसरायची, वरून कामट्या बांधायच्या, आणि ज्या दिशेनं झळा येतात त्या दिशेच्या खिडकीत ती उभी करून सारखी भिजवत ठेवायची. बाहेरची झळ ताटीतून गाळून आत येते ती गार होऊन. वाळा मिळाला नाही तर जवासा चालतो. नदीच्या पात्रात ऐन उन्हाळ्यात हिरवं राहणारं काटेरी झुडूप असतं ते. वडील म्हणायचे, ‘‘वाळा साहेबाचा, जवासा बाबूचा, आणि जमादाराला झाडाखाली बसायची मोकळीक.’’

हे सगळं मी एका दमात सांगितलं. आत्याबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘‘बायंतिनीच्या अंगावर गार वारं सोडतं? काऊन वं, साहेबीन हाये का ते?’’

‘‘पण मागच्या वेळी...’’ मी बोलून गेले आणि जीभ चावली. अक्का तिथेच बसून तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

‘‘आई,’’ ती म्हणाली, ‘‘मले तसं कोंडू नोको. वयनी म्हन्ते ते करू दे. या खेपेले काई झालं तं मी पुन्हा इकडे येनार नाई.’’

आत्याबाई उठल्या. ‘‘कर बाई, काय करतं ते,’’ असं मला म्हणाल्या. ‘‘पन शेगडी राहीन.’’ मी मनात म्हटलं, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

दुसऱ्या पाळीला मामंजींनी गाडीवर पिपाबरोबर जवाशाचा भारा आणला. माझे यजमान खामगावला कापसाच्या जिनात कामाला होते आणि घरी यायचे आठवड्याला, तेव्हा बांबू मामंजींनीच चिरून दिला. जवाशाचे काटे बारीक. तीन दिवस माझ्या बोटांना कशाचाही स्पर्श सोसवत नव्हता, पण चौकट भरली. ताटीचं अर्धं काम बांधण्यात आणि अर्धं समोरच्या भिंतीत असतं. वाऱ्याला बाहेर पडायला वाट नसेल तर तो आत येतच नाही. म्हणून मी पूर्वेच्या भिंतीत, छताखाली, दोन विटांएवढा झरोका पाडायला लावला. आपल्या राहत्या घराला नव्या सुनेनं भोक पाडलेलं कोणत्या सासूला आवडेल? आत्याबाई दिवसभर त्या झरोक्याकडे बघत होत्या. मामंजी म्हणाले, ‘‘पाह्यजो, मांजर येईन त्याच्यातून,’’ आणि खरोखर दुसऱ्या दिवशी आलं.

पण ताटी खिडकीत बसली, मी विहिरीच्या दोन घागरी तिच्यावर ओतल्या, पश्चिमेची झळ सुटली, आणि आत बसलेली अक्का हसायला लागली. ‘‘अवं वयनी, बुलढान्याले आलो का आपन?’’ आमच्या सासरी बायकाही ‘आलो, गेलो’ असंच बोलत. मामंजी आत डोकावून गेले. शेजारच्या दोघी लेकरं घेऊन येऊन बसल्या. मी तर फुगून माझीच पाठ थोपटत होते.

हे कौतुक सहा दिवस टिकलं. सातव्या दिवशी ताटीतून झळ जशीच्या तशी आत यायला लागली. मी घागरीमागून घागर ओतली. पाणी वरून घसरून खाली सांडायचं, जवासा भिजायचाच नाही. काड्या ताठ झालेल्या, आणि त्यांच्यावर पांढरी खरपुडी, पापडाला मीठ फुटावं तशी. मला काही समजेना. साहेबाच्या बंगल्यावर असं कधी झालेलं मी पाहिलं नव्हतं. अक्काचे दिवस अगदी भरत आले होते आणि मी पालथ्या घड्यावर पाणी ओतत उन्हात उभी होते. मला रडू आलं. आमचं रडूसुद्धा रागाचं. मी ताटीला लाथ मारली आणि अंगठ्यात चार काटे रुतवून घेतले.

आत्याबाई मागे कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळलं नाही. त्यांनी बोटानं ती खरपुडी खरवडली आणि जिभेला लावली.

‘‘कायचं पानी टाकून राह्यली तू याच्यावर?’’

‘‘विहिरीचं. दुसरं कोणतं टाकणार?’’

‘‘खाऱ्या पान्यानं माठ मरते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आमी माठात कधी खारं भरत नाई. महिन्याभरात त्याची भोकं बुजते, मंग त्याच्यात पानी गार होत नाई. तुह्या ताटीचंबी तेच झालं.’’

घाटावरच्या मुलीला हे कसं माहीत असणार? आमच्याकडे पाणी म्हणजे पाणी. मला ताटीचं सारं शास्त्र पाठ, आणि ती कोणत्या पाण्यानं भिजवायची एवढंच तेवढं ठाऊक नाही. मामंजी ओसरीवरून म्हणाले, ‘‘अति शहाना त्याचा बैल रिकामा,’’ पण हसत म्हणाले, म्हणून मी सोडून दिलं.

आता ताटी नवी बांधायची, आणि तिला गोडं पाणी द्यायचं. ते आणायचं कुठून? झिऱ्याची पाळी वाढवून मिळत नाही, तिथे पाटलाचं चालत नाही तर आमचं काय चालणार. पिपातलं पाणी पिण्याला आणि डाळीला जेमतेम पुरायचं. आत्याबाईंनी रांजणाचं झाकण काढलं, आत बघितलं, पुन्हा ठेवलं.

‘‘पान्याचं मी पाह्यतो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तू ताटी बांध.’’

ताटीवर पाणी ओतायचं नाही, हेही त्यांनीच सांगितलं. वैशाखात महादेवाच्या पिंडीवर गळती लावतात. टांगलेल्या घटाला तळाशी बारीक भोक असतं, त्यात वात घातलेली, आणि थेंब थेंब पाणी पिंडीवर पडत राहतं. आत्याबाईंनी तशी तीन मडकी केली आणि ताटीच्या डोक्यावर ओळीनं बांधली. एक थेंब वाया जात नव्हता. खाली जे ठिबके त्यासाठी परात ठेवली होती, आणि परातीतलं पुन्हा मडक्यात जाई. साहेबाचे ताटीवाले दिवसभर बादल्या उपसायचे, त्यांना ही युक्ती सुचली नव्हती. मला आवडलं, पण मी तोंडानं तसं म्हटलं नाही. माझी चूक निघालेली होती ना.

घरात डाळ बंद झाली. पिठलं खाऱ्या पाण्यात होतं, म्हणून सकाळ-संध्याकाळ भाकरी आणि पिठलं. रांजणाला हात लावायचा नाही, प्रत्येकाचा तांब्या आत्याबाई भरून देणार, आणि तेवढ्यावर दिवस काढायचा. मामंजींचा तांब्या, माझा तांब्या, अक्काला मात्र मागेल तेवढं. आत्याबाईंचा स्वतःचा तांब्या वेगळा असे, चुलीमागे, वर झाकणी. त्याला कोणी शिवायचं नाही.

अक्का सकाळच्या प्रहरी सुटली. मुलगी झाली, लहानशी, पण आवाज खणखणीत. सुईणीनं खोलीत पाऊल ठेवताच नाक मुरडलं. पश्चिमेला गार ताटी आणि बाजेखाली पेटलेली शेगडी असं दृश्य तिनं आयुष्यात पाहिलं नसेल. आत्याबाई शेगडीवर अडून होत्या, मी ताटीवर. शेवटी तह असा झाला की शेक पहाटे गारव्याच्या वेळेला द्यायचा आणि ऊन चढलं की शेगडी बाहेर. पहिल्या दोन दिवसांत ती बाहेर काढताना आत्याबाई कुरकुरल्या. तिसऱ्या दिवसापासून त्या स्वतःच काढायला लागल्या.

दिवस मोजायला कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, पण घरात सगळेच मोजत होते. पाचवी झाली. सातवा, आठवा. दुपार झाली की मी खोलीत जाऊन मुलीच्या तळपायाला हात लावून बघायची. तळपाय गार असला की मला माझ्या जेवणाची आठवण व्हायची.

आठव्या की नवव्या दिवशी मी ते बोलले. दुपारी माझा तांब्या संपला होता, घशाला कोरड पडली होती, आणि आत्याबाई चुलीमागे पाठ करून आपल्या तांब्यातलं पाणी पीत होत्या. मी एक घोट मागितला. ‘‘याच्यातलं नोको,’’ त्या म्हणाल्या, आणि रांजणातून वाटीभर काढून दिलं. मला ते वाटीभर पाणी अपमानासारखं वाटलं. ‘‘आपल्यापुरतं बरं राखून ठेवता,’’ मी म्हणाले. आत्याबाईंनी नुसतं बघितलं आणि झाकणी ठेवली. मला वाटलं, घाव बरोबर बसला. मला आज ते शब्द गिळता आले असते तर मी गिळले असते.

अकराव्या दिवशी सकाळी मामंजी पाण्याला गेले ते सूर्य डोक्यावर आला तरी परतले नाहीत. रांजण तळाला गेला होता. वारा असा सुटला होता की अंगणातली माती उडून भाकरीत येत होती. मडकी एकामागून एक रिकामी झाली. परातीतलं होतं तेही वर गेलं. अक्कानं आतून हाक मारली, ‘‘वयनी, हिचं अंग पाह्य.’’ मी हात लावला. तळपाय गरम होते. मुलीनं दूध घेतलं नाही, तोंड फिरवलं. तिनं मुलीला छातीशी इतकं घट्ट धरलं होतं की मला तिचे हात सोडवावे लागले.

मी धावत रांजणाशी गेले. आत ओल होती फक्त. मग मला चुलीमागचा तांब्या आठवला. आत्याबाई वेशीकडे गाडी दिसते का बघायला गेल्या होत्या. मी झाकणी भिरकावली, तांब्या भरलेला होता, अगदी काठोकाठ. मी तो घेऊन ताटीकडे गेले. इतकं पाणी दडवून ठेवलंय आणि नात तिकडे तापतेय, असं बडबडत मी हात वर केला, तेवढ्यात मागून आत्याबाई ओरडल्या. त्यांना ओरडताना मी पहिल्यांदा ऐकलं.

‘‘ते नोको टाकू! खारं हाये ते! ताटी मरीन!’’

मी तांब्या तोंडाला लावला. खारं होतं. विहिरीचं, जसंच्या तसं. डोळ्यांत पाणी यावं इतकं खारं.

‘‘किती दिवस?’’ मी विचारलं.

त्यांचे ओठ फुटलेले होते, चेहरा उतरला होता, पोटाला आधार धरून त्या उभ्या होत्या, आणि हे मी पंधरा दिवस बघत होते. मडक्यांतलं पाणी कुठून येत होतं हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

‘‘मागच्या खेपेले,’’ आत्याबाई म्हणाल्या, ‘‘खिडकी म्याच लावली होती. चिंध्याबी म्याच कोंबल्या. लेकरू तापून राह्यलं होतं तं मले वाटलं, वारं लागलं त्याले. मी आनखी शेगडी पेटवली.’’

आमच्या घरात त्या मुलाबद्दल कोणीच बोलत नसे, आणि आम्हाला वाटे ते अक्कासाठी. माझा हात धरून त्यांनी मला आत नेलं. दोघींनी मिळून मुलीला ओल्या फडक्यानं पुसलं. अंग पुसायला खारं पाणी चालतं. मग मी सुपानं वारा घालत राहिले आणि त्या दाराशी उभ्या राहून गाडीचा कानोसा घेत राहिल्या. वाटेत वाळूत बैल बसला होता म्हणून मामंजींना उशीर झाला होता, हे नंतर कळलं. गाडीच्या घुंगरांचा आवाज आला तेव्हा आत्याबाई अनवाणी धावल्या आणि पीप उतरायची वाट न बघता घागर भरून घेऊन आल्या. तिन्ही मडकी भरली. जवासा काळाभोर भिजला. थोड्या वेळानं खोलीत तो ओल्या काड्यांचा वास आला, आणि आणखी थोड्या वेळानं मुलीनं दूध ओढायला सुरुवात केली. अक्का तेव्हा रडली. आत्याबाई दाराच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या, त्या रडल्या नाहीत. त्यांनी फक्त डोकं दाराच्या चौकटीला टेकवलं.

बारावा दिवस उजाडला. पेटीतलं टोपडं निघालं आणि मुलीच्या डोक्यावर बसलं, थोडं मोठं झालं तरी. मामंजींनी बारशाला डाळ मागितली. आत्याबाई म्हणाल्या, ‘‘रोहिनीचा पाऊस पडू द्या, मंग डाळ.’’

मी काही त्यांची माफी मागितली नाही. तशी पद्धत आमच्यात नव्हती, आणि मागितली असती तर त्यांनी नुसतं बघितलं असतं. त्या दिवशी सकाळी त्यांनी माझा तांब्या रांजणातून भरून दिला. मी तो मधल्या मडक्यात रिकामा केला, विहिरीवर जाऊन पुन्हा भरला, आणि चुलीमागे त्यांच्या तांब्याशेजारी ठेवला. आत्याबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी हात धुतले, फडताळातून एक झाकणी काढली, आणि माझ्या तांब्यावर ठेवली.